आधी शौचालय, मग रॅम्प

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटाच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी वनविभागाचं छोटं वनोद्यान आहे आणि तुम्ही त्याच्या समितीचं काम बघता. दोन वर्षांपूर्वी तिकीटखिडकीपाशी रॅम्प बांधला, दोन व्हीलचेअर आणल्या. त्या अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच आहेत. आता पुन्हा निधी आलाय. टेकडीच्या माथ्यावर निरीक्षण मनोरा आहे, तिथपर्यंत काँक्रीटचा रस्ता केला की दिव्यांगांनाही दरी बघता येईल, असा प्रस्ताव आहे. गावातली निसर्गप्रेमी मंडळी काँक्रीटच्या विरोधात आहेत. तर रस्ता करावा की नाही?

करू नका. निसर्गप्रेमी म्हणतात म्हणून नव्हे. तुम्हीच दिलेल्या आकड्यांप्रमाणे ३०० मीटर वाटेत ४५ मीटर चढ आहे, म्हणजे साधारण सात मीटरला एक मीटर. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी आपल्याकडे धरलेला जास्तीत जास्त चढ १:१२, एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. त्या हिशेबाने मनोऱ्यापर्यंत ५४० मीटरची वाट लागेल, मधले सपाट थांबे वेगळे. पण १:१२ हा आकडा चार पायऱ्यांच्या उंचीसाठी आहे, अर्धा किलोमीटर सलग चढायला नव्हे. चढताना ढकलणाऱ्याचा दम निघेल, उतरताना मात्र जिवाशी गाठ. साध्या व्हीलचेअरचे ब्रेक खुर्ची जागेवर उभी ठेवण्यासाठी असतात, उतारावर वेग आवरायला नाही. उतारावर ती खुर्ची मागच्या माणसाच्या मनगटांवर असते.

आणि एवढं करून वर पोचल्यावर मनोऱ्याला जिना आहेच की!

मी सिव्हिल इंजिनिअर. गेली अठरा वर्षं सार्वजनिक जागांची सुगम्यता तपासतो, त्यातली सात-आठ वर्षं बागा, वनोद्यानं आणि अभयारण्यांच्या प्रवेशद्वारांवर गेली. तुमच्यासारखं प्रकरण मला दर वर्षी एक तरी भेटतं. रॅम्प आहे, व्हीलचेअर आहे, माणूस नाही. मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, 'आपल्याकडे दिव्यांग येतच नाहीत, उगीच खर्च.' ते येत नाहीत, कारण घर ते जंगल आणि जंगल ते घर या वाटेवर कुठेतरी एक कडी तुटलेली असते, आणि ती कुठे तुटलीय हे त्यांना घरी बसूनच ठाऊक असतं. आपल्यालाच नसतं.

बहुतेक वेळा ती कडी म्हणजे शौचालय.

एका वनोद्यानाच्या तपासणीला मी पोलिओ झालेल्या एका बाईंना सोबत नेलं होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षिका, कुबड्या आणि व्हीलचेअर दोन्ही वापरणाऱ्या. मार्चचं ऊन. अकरा वाजता मी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यांनी नुसते ओठ ओले केले. 'सकाळी सहापासून पाणी घेतलं नाही. संडास बघितल्याशिवाय मी पाणी पीत नाही,' म्हणाल्या. आम्ही बघायला गेलो. दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र, दाराला कुलूप. किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार जेवायला. अर्ध्या तासाने दार उघडलं तर आत खराटे, फिनेलचे कॅन, पाण्याची गुंडाळलेली नळी आणि फुटलेल्या दोन कचराकुंड्या. कमोडवर रंगाचा डबा. त्या माऊलीने दुपारी तीनला घरी जाईपर्यंत पाणी प्यायलं नाही. उद्यानात उत्तम रॅम्प होता, बरं का.

म्हणून आलेल्या निधीतला पहिला पैसा शौचालयाला. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर. हे माप चौकटीचं घेऊ नका, दार उघडल्यावर उरणाऱ्या फटीचं घ्या. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडणार कसं? आत खुर्ची पूर्ण फिरेल असा दीड मीटरचा मोकळा गोल. बसण्याची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे. हे दांडे भिंतीत नीट रुतवलेले हवेत, टाइल्सवर चार स्क्रूंनी टांगलेले नकोत; पूर्ण वजन त्यावर येतं. जेट हाताच्या अंतरावर. कडी अशी की बोटांत जोर नसलेल्यालाही सरकवता यावी. फरशी खरखरीत आणि कोरडी. आपल्याकडे हातावर सरकत चालणारी माणसं अजून आहेत, आणि ओल्या फरशीवर हात टेकायचा म्हणजे काय ते त्यांनाच विचारा. जागा असेल तर भिंतीला घडीचा एक लांब बाक लावा: मेंदूचा पक्षाघात असलेल्या वीस वर्षांच्या मुलाचं डायपर बदलायला आज त्याची आई त्याला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करते.

कुलूप लावू नका. लावायचंच असेल तर किल्ली तिकीटखिडकीत टांगलेली असू द्या, आणि सामान ठेवायला वेगळी खोली बांधा. सामानाला खोली नसली की सामान दिव्यांगांच्या शौचालयातच जातं, कारण तीच एक मोठी आणि 'रिकामी' जागा असते.

दुसरी तुटलेली कडी फाटकाची. तुमच्या प्रवेशद्वाराचा फोटो बघितला. गुरं आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइपांचं नागमोडी फाटक आहे. त्यातून धडधाकट माणूस अंग चोरून जातो, व्हीलचेअर जात नाही. म्हणजे तुमचा रॅम्प फाटकाच्या आतल्या बाजूला आणि ज्याच्यासाठी तो बांधला तो बाहेर! शेजारी निदान एक मीटर रुंदीचं, कडी लावता येणारं फाटक करा आणि ते उघडणारा माणूस तिथे ठेवा.

एक मीटर का म्हणतो तेही सांगतो. रुंदीची मानकं बहुतेक व्हीलचेअर धरून लिहिलेली आहेत. पण तालुक्याच्या गावांतून तुमच्याकडे येणारा माणूस व्हीलचेअरवर क्वचितच येईल. तो येईल हाताने पेडल मारायच्या तीनचाकी सायकलवर नाहीतर बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर. या दोन्हींना वळायला व्हीलचेअरपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. 'वाहनांना प्रवेश बंद' या पाटीखाली त्यांना अडवलं की विषय संपला, कारण ती स्कूटर म्हणजेच त्याचे पाय. तिला वाहन समजू नका, असं चौकीवरच्या माणसांना लेखी द्या. तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं.

आता वाट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निधी वाया जातो तो इथेच.

तुमच्या उद्यानात ओढ्याच्या कडेने जाणारी जुनी बैलगाडीची वाट आहे आणि तिला लागून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, आहे. दोन्ही मिळून वर्तुळ होतं का बघा. नकाशावरून मला साडेतीनशे-चारशे मीटरचं वर्तुळ दिसतं, चढ जवळजवळ नाही. तेवढंच घ्या आणि तेवढंच पूर्ण करा. चार ठिकाणी अर्धवट सोयी करण्यापेक्षा एक चारशे मीटरची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत न तुटलेली, हे माझं ठाम मत. केप टाउनच्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानातली दृष्टिहीनांसाठी केलेली ब्रेल वाट अर्ध्या किलोमीटरच्या आतच आहे. ती किती लांब आहे हे कोणी विचारत नाही, कारण ती जंगलातून जाते आणि माणसाला सुरुवातीच्या जागी परत आणून सोडते.

शिवाय ही वाट आधीपासूनच आहे, त्यामुळे झाडं तोडायचा प्रश्न नाही. 'अपंगांसाठी जंगल तोडायचं का?' हा प्रश्न मला अनेक सभांत विचारला गेलाय. विचारणारे बहुधा जिप्सीत बसून जंगल बघून आलेले असतात. जिप्सीसाठी रस्ता लागतोच, गस्तीच्या गाडीसाठी लागतो, वणवा अडवायला जाळरेषा लागते. मी त्यातलीच एक मागतोय.

आता वाटेवर काय घालायचं? काँक्रीटला नाही म्हटलं की लोक मुरुमाकडे वळतात. मुरूम चांगलाच, पण सैल मुरुमावर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात. मी स्वतः ढकलून बघितलंय: मागची मोठी चाकं ठीक चालतात, पुढचं वितीएवढं चाक आडवं होऊन मातीत घुसतं आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. बसलेला माणूस मात्र थांबत नाही, तो पुढे जातो. अशा जागी खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्यावी लागते. तेव्हा मुरूम घालायचा तर खाली खडीचा थर, वर बारीक चाळलेला मुरूम, त्यात थोडा चुना किंवा सिमेंट, पाणी मारून रोलर, आणि आडवा उतार पन्नासाला एक, त्याहून जास्त नको. आडवा उतार जास्त झाला की खुर्ची सारखी ओढ्याकडे वळते आणि एकाच हाताला सतत जोर लावावा लागतो. चारशे मीटरमध्ये खांदा भरून येतो.

पण तुमच्याकडे कोकणातला पाऊस. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पडणाऱ्या प्रदेशात एकटा मुरूम टिकत नाही. जिथे जिथे पाणी वाट ओलांडून ओढ्याला मिळतं, त्या पाच-सहा ठिकाणी काँक्रीटच घाला, तीन-तीन मीटरचा पट्टा, ओलं असताना झाडूने आडव्या रेघा ओढलेला. निसर्गप्रेमी मंडळींना जागेवर बोलावून हे पट्टे दाखवा. चारशेतल्या वीस मीटरला कोणी भांडत नाही, हा माझा अनुभव. उगीच सगळीकडे पेव्हर ब्लॉक मात्र नको. पहिल्या वर्षी फोटो छान येतात, दुसऱ्या पावसाळ्यात खालची माती वाहून जाते, ब्लॉक खचतात आणि प्रत्येक सांधा एक उंबरठा होतो. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालावेत की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निदान त्या वादामुळे लोक रस्त्याच्या पृष्ठभागावर बोलायला तरी लागले.

चिऱ्याचाही मोह टाळा. जांभा दगड उन्हाळ्यात पायाला छान लागतो, जुलैत त्यावर शेवाळ धरलं की कुबडीचं रबर सरळ सटकतं. शेवाळ कशावरही धरतं, त्यामुळे पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तारेच्या ब्रशने घासायचं काम कोणाच्या तरी नावावर लिहा. ब्लीचिंग पावडर टाकू नका, शेजारी ओढा आहे, त्यात मासे आहेत. लाकडी फळ्यांचा मार्ग करायचा असेल तर फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या आणि फट बोटभराच्या आतली. उभ्या फळ्यांच्या फटीत चाक अडकतं, पांढऱ्या काठीचं टोक अडकतं. वाळवीचा हिशेब वेगळा करा.

वाटेच्या ओढ्याकडच्या बाजूला दहा सेंटीमीटर उंचीची कड हवी. चाक तिथे थांबतं आणि दृष्टिहीनाच्या काठीला ती कळते. डोक्यावरचं मात्र काठीला कळत नाही: सव्वादोन मीटरच्या खाली वाटेवर आलेली प्रत्येक फांदी, तिरकी लटकणारी पाटी, वेलीचा झोका काढा. दर पन्नास-साठ मीटरवर पाठ आणि हात असलेला बाक ठेवा, नुसता ओटा नको, कारण उठताना हातांना आधार लागतो. बाकाशेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी सपाट जागा सोडा, म्हणजे नवरा बाकावर आणि बायको वाटेच्या मधोमध असं होणार नाही. या बाकांवर सगळ्यात जास्त कोण बसणार सांगू? गुडघे दुखणारे आजी-आजोबा. सुगम्यतेचा खरा मोठा गिऱ्हाईक तोच आहे, फक्त त्याच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसतं.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली गोष्ट. तुमचा सगळा विचार व्हीलचेअरभोवती फिरतोय. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. व्हीलचेअर त्यातल्या मोजक्यांना लागते. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्या मुलाला गोंगाट सहन होत नाही, त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंय?

जंगल डोळ्यांनी बघायचं असतं हा आपला समज. मी दृष्टिहीन मुलांच्या एका गटाबरोबर पानगळीच्या जंगलात गेलो होतो. वनरक्षकाने ऐनाचं झाड दाखवलं: खोडावर हात फिरवा, मगरीच्या पाठीसारखं लागतं. मग शेजारचं कांडोळ, गुळगुळीत, थंड, कागदासारखी साल निघणारं. एका मुलीने दोन्ही झाडांवर एकेक हात ठेवला आणि कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. पुढे पारिजातकाचं पान हातात आलं तर म्हणाली, 'हे तर पॉलिश पेपर.' निर्गुडी चुरगळली, घाणेरी चुरगळली, नाकं मुरडली. वर तांबटाचं टुक-टुक चाललेलं. एकाने त्याचे ठोके मोजायला घेतले आणि एकशेचाळीसवर कंटाळला. डोळस मुलांची सहल त्याच वाटेने गेली होती, बिबट्या दिसला नाही म्हणून हिरमुसून.

तेव्हा तुमच्या वाटेवर अशी आठ-दहा झाडं निवडा, त्यांच्या खोडापर्यंत हात पोचेल अशी वाट ठेवा आणि वाटेपासून झाडापर्यंत एक दोरी किंवा बांबूचा कठडा लावा, म्हणजे माणूस स्वतःहून तिथे पोचेल. ब्रेल पाट्या लावा, पण सगळ्यांनाच ब्रेल येतं असं समजू नका. मोठेपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना ते येत नाही. त्यांच्यासाठी फोनवर ऐकता येईल असं मराठीत बोललेलं ध्वनिमुद्रण ठेवा, गावातल्या कोणा जाणत्याच्या आवाजात. आणि हे विसरू नका: हाताने बघण्याची वाट करणार असाल तर तिच्या कडेची खाजकुइली शेंगा धरण्याआधी आणि आग्या दिसेल तेव्हा मुळासकट काढा. सावरीच्या काटेरी खोडापाशी आधी सावध करणारी खूण हवी. एका ठिकाणी स्पर्शवाटेच्या तिसऱ्या थांब्यावरच खाजकुइली लोंबत होती. पाटी सुंदर होती.

बहिऱ्या पाहुण्यांसाठी सोप्या वाक्यांची, मोठ्या चित्रांची पाटी आणि भारतीय सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ पुरतो. मार्गदर्शकाने बोलताना तोंड त्यांच्याकडे ठेवावं, पक्ष्याकडे नव्हे. आधी बोट, मग पक्षी बघू द्या, मग बोला. एकाच वेळी दुर्बीण आणि ओठ दोन्हीकडे बघता येत नाही. स्वमग्न मुलांच्या पालकांना सुट्टीच्या दिवशीची गर्दी नको असते. आठवड्यातली एक सकाळ शांत ठेवा, ध्वनिक्षेपक बंद. खर्च शून्य.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट अधिकाऱ्यांना सांगितली की चेहरे बदलतात, तरी सांगतो. जंगलात व्हीलचेअरवरच्या माणसाला धोका वाघाचा नसतो, आग्या मोहोळाचा असतो. माश्या उठल्या की बाकीचे पळतात, तो राहतो. तेव्हा वाटेच्या आसपासच्या कड्यांवर आणि उंच झाडांवर मोहोळं आहेत का हे दर महिन्याला बघा, असली तर ती वाट तेवढे दिवस बंद, आणि प्रत्येक खुर्चीच्या मागच्या खिशात डोक्यापासून पायापर्यंत झाकेल एवढं जाड कापड ठेवा. वणव्याच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे, वाटेवर कोण कुठे आहे याची नोंद चौकीवर हवी.

मग दरीचं काय? वरून दिसणारी दरी त्यांनी कधीच बघायची नाही का? प्रश्न रास्त आहे, आणि 'सगळ्यांना सगळं समान' असं मी म्हणणार नाही. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घ्या. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून सुरू होतं आणि फाटकापासून आत डांबरी रस्ता जातो. त्याच उद्यानात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत, बेसॉल्टच्या कातळात कोरलेली, आणि त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्याही कातळातच कोरलेल्या. तिथे रॅम्प ठोकणं म्हणजे स्मारक फोडणं. तिथे एखाद्याला खालच्या लेण्यांवर समाधान मानावं लागेल, आणि ते त्याला आधी, घरी असतानाच कळायला हवं. पण तुमच्या टेकडीवर लेणी नाहीत. तिथे मागच्या बाजूने गस्तीची गाडी जातेच. आठवड्यातले दोन दिवस, ठरलेल्या वेळी, दिव्यांग आणि वृद्ध पाहुण्यांना त्या गाडीने वर न्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी, जिथून झाडांच्या वरून दरी दिसते, तिथे गाडी उभी राहील एवढी सपाट जागा आणि व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या नजरेला आडवा येणार नाही असा कठडा करा. बसलेल्याची नजर साधारण सव्वा मीटरवर असते. आपले कठडे नेमके तिथेच आडवा पाइप टाकतात.

गाडीत चढायचं कसं? दोघांनी काखेत धरून उचलणं हा उपाय नव्हे, त्यात पडण्याची भीती आहे आणि अपमानही आहे. गाडीच्या फळीची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीचा दगडमातीचा ओटा बांधा. उंची ६० सेंटीमीटर असेल तर ओट्याला सव्वासात मीटरचा उतार लागेल. गाडी ओट्याला बाजू लावून उभी करायची, मधल्या फटीवर फळी टाकायची, माणूस खुर्चीतून सीटवर सरकतो. हा ओटा म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, लहान मुलांनाही कामाला येतो. मी सुचवलेल्या सगळ्या गोष्टींत सर्वात स्वस्त आणि सर्वात वापरली जाणारी हीच ठरलीय.

आता पाटी. अमेरिकेत संघराज्याच्या जंगलवाटांसाठी २०१३ साली नियम केले, त्यांतला एक मला फार आवडतो: नव्या वाटेच्या तोंडाशी लांबी, पृष्ठभाग, नेहमीची आणि सर्वात कमी रुंदी, नेहमीचा आणि सर्वात जास्त चढ, तसाच आडवा उतार, एवढं लिहायचंच. 'दिव्यांगांसाठी सुलभ' असं नुसतं लिहून भागत नाही. सुलभ आहे की नाही ते वाचणारा स्वतः ठरवतो. आपल्या पाटीवर असं काहीतरी: 'ओढ्याची वाट, ३८० मीटर, घट्ट मुरूम, सहा ठिकाणी काँक्रीट. सर्वात अरुंद जागा १.१ मीटर. सर्वात मोठा चढ १:१८, आठ मीटर लांब, साकवानंतर. जून ते सप्टेंबर निसरडी. शौचालय सुरुवातीला, वाटेत नाही.' हीच माहिती तुमच्या फोनवर, फोटोंसह, येणाऱ्याला आधी पाठवा. फोटोत शौचालयाचं आतलं दार आणि कमोड दिसू द्या. हसू नका, सगळ्यात जास्त वेळा तोच फोटो मागितला जातो.

कायद्याचं दोन ओळींत. २०१६च्या अधिनियमात करमणूक आणि सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचा हक्क वेगळ्या कलमात, २९व्यात, दिलेला आहे. सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम आल्यापासून पाच वर्षं होती. नियम जून २०१७ला आले, मुदत २०२२ला संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतूरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेची मानकं नुसती शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक असा गाभा ठरवावा लागेल. तेव्हा वरिष्ठांनी 'बघू पुढच्या वर्षी' म्हटलं तर हे त्यांच्यापुढे ठेवा. उलट, वनजमिनीवर कायम बांधकाम करण्याआधी वनविभागाची रीतसर मंजुरी हवी, हेही तितकंच खरं. ओटा आणि शौचालय प्रवेशद्वाराजवळ, आधीच बांधकाम असलेल्या पट्ट्यात ठेवलंत तर मंजुरी सोपी जाते.

कोणीतरी ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी इकडे वळवायचं सुचवेल. वळवू नका. त्यातून गावातल्या माणसांना थेट मदत मिळते, ती तोडून पर्यटकांची वाट करणं मला पटत नाही.

काम सुरू करण्याआधी तालुक्यातली चार माणसं बोलवा: एक कुबडीवाला, एक तीनचाकीवाली, एक दृष्टिहीन, एक बहिरा. त्यांना येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाचं मानधन द्या, माझ्यासारख्याला देता तसं. साहेबांनी अर्धा तास व्हीलचेअरवर बसून फोटो काढण्यात काही हशील नाही. त्यातून साहेबांना एवढंच कळतं की हे कठीण आहे. आयुष्य खुर्चीवर काढलेल्या बाईला कुठला उंबरठा ती एका झटक्यात ओलांडते आणि कुठला नाही हे नेमकं माहीत असतं.

तुमच्या कर्मचाऱ्यांना एका दिवसात शिकवता येईल तेवढंच शिकवा. खुर्चीला हात लावण्याआधी विचारायचं. तीव्र उतारावर खुर्ची उलटी धरून, आपली पाठ उताराकडे ठेवून हळूहळू उतरवायची. दृष्टिहीनाला दंडाला धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, तो धरतो आणि अर्धं पाऊल मागून येतो. प्रश्न सोबतच्या माणसाला नाही, त्यालाच विचारायचा.

त्या दोन व्हीलचेअरचं वेष्टन आजच काढा, चाकांत हवा भरा, आणि पुढची चाकं मोठी मिळतात का ते बघा. मग गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन ओढ्याच्या वाटेवर दर दहा मीटरला खुंटी मारून उंचीचा फरक मोजा आणि तो कागद मला पाठवा. साकवाची रुंदी आणि त्याला कठडा आहे का, हेही त्यात लिहा. नकाशावर साकव दिसतोय, पण तो नुसता दोन ओंडक्यांचा असेल तर आपल्याला वर्तुळ सोडून जाऊन-येऊन अशी वाट धरावी लागेल.